पायमशीन ठेवा, पंखा बदला

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

"कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे. २०१९ ला आणि २०२१ ला खालच्या मजल्यावर पुराचं पाणी आलं. आता मुलानं आर. के. नगरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय आणि दीड महिन्यात आम्ही तिकडं जाणार. तो पुण्याला असतो. म्हणतो, 'आई, टॅक्स कमी झालाय, सगळं मोडीत घाल, एक्स्चेंज ऑफर चालू आहेत, नवं घेऊ.' घरात सासूबाईंचं पायमशीन आहे, लोखंडी कपाट आहे, पितळेची भांडी, तांब्याचा बंब, दोन जुने पंखे, अठरा वर्षांचा फ्रिज, मिक्सर आणि दोनदा पुरात भिजलेला एक प्लायवूडचा सोफासेट. ह्यांची कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पलही आहे, ती टाकवत नाही. टीव्ही लावला की कधी दर उतरल्याची बातमी, कधी युद्धाची, कधी सोनं लाखावर गेल्याची. आत्ता घ्यावं की थांबावं, काय ठेवावं, काय काढावं, काही सुचत नाही."

ताई,

मुलगा सांगतो ती बातमी खरी आहे, पण तुमच्या घराला ती उलटी लागू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले हे बरोबर. एसी, ३२ इंचांच्या वरचे टीव्ही, भांडी धुण्याचं मशीन यांच्यावरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, पंखा यांच्यावर तो आधीपासूनच १८ टक्के होता आणि अजूनही तेवढाच आहे. तुमच्या यादीत कर खरा उतरला तो शिलाई मशीनवर आणि स्वयंपाकाच्या भांड्यांवर, १२ वरून ५ टक्क्यांवर. म्हणजे स्वस्त झालं ते तुमच्याकडं आधीच आहे, आणि विकत घ्यावं लागेल त्याचा कर होता तिथंच आहे.

मोठा टीव्ही घ्यायचा विचार असेल तर एक हिशेब जवळ ठेवा. २८ चा कर १८ झाला म्हणून किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही. मूळ किंमत ३०,००० धरा. आधी तो ३८,४०० ला पडत होता, आता ३५,४०० ला. उतार तीन हजारांचा, जवळपास पावणेआठ टक्के. दुकानदार "दहा टक्के स्वस्त" म्हणाला तर वरचे दोन टक्के त्यानं दिलेत का, हे बिलावर बघून घ्यायचं.

बाकी बातम्यांचं म्हणाल तर सोन्याचा भाव आणि लढाया यांचा तुमच्या मिक्सरशी संबंध नाही. काय ठेवायचं ते वस्तू किती जुनी यावर ठरवू नका. तिचा झिजणारा भाग कोणता, तो कोल्हापुरात मिळतो का आणि बसवून देणारा माणूस आहे का, एवढं बघा. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यावर जायला लागला की हात आखडता घ्यावा. आता एकेक वस्तू घेऊ.

पायमशीन ठेवाच. बिडाच्या डोक्याच्या काळ्या मशीनला झिजून संपेल असं फारसं काही नसतं. सुई, बॉबिन, बॉबिनची डबी, शटल, पट्टा, टेन्शनची स्प्रिंग एवढेच बदलायचे भाग. शिलाईचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ते मिळतात आणि सगळे मिळूनही नव्या मशीनच्या जवळपास जात नाहीत. तुमचं मशीन "जड चालतं, दोरा गुंततो" असं तुम्ही लिहिलंय. हा आजार दहातल्या आठ घरांत असतो आणि त्याचं कारण बहुधा खोबरेल. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल किंवा गोडं तेल घातलं जातं. ते वर्षा-दोन वर्षांत सुकून डिंकासारखं चिकट होतं आणि सगळे सांधे धरून ठेवतं.

ते काढायला एक दुपार पुरते. गॅस बंद, खिडकी उघडी. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे. ते आता सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. डोक्यावरच्या सोनेरी नक्षीला मात्र ते लागू देऊ नका, नक्षी उठून जाते. डोकं मागं कलतं करा. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि जिथं लोखंड लोखंडावर घासतं तिथं दोन-दोन थेंब सोडा. सुई काढून ठेवा, दाबपट्टी वर उचला आणि पाच मिनिटं मशीन रिकामं चालवा. काळपट घाण बाहेर येईल ती पुसा, पुन्हा थेंब, पुन्हा पाच मिनिटं. चाक हलकं फिरायला लागलं की रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल प्रत्येक भोकात एक-एक थेंब. दोन थेंब घातले तर पहिल्या ब्लाउजवर डाग पडणार, म्हणून आधी चिंधीवर शिवून बघा.

मग दात. सुईखालची चकचकीत पट्टी दोन स्क्रूंवर असते. ती काढली की खालच्या दातांत दाबून बसलेला धाग्यांचा भुसा दिसेल, कधीकधी नमद्यासारखा घट्ट. सुईच्या टोकानं तो उकरून काढा, फुंकर मारू नका, तो आत जातो. दात भरलेले असले की कापड पुढं सरकत नाही आणि लोक टेन्शनचा नट पिळत बसतात.

टेन्शनला हात लावायच्या आधी बॉबिनची डबी तपासायची. डबीत बॉबिन भरा, दोऱ्याचं टोक धरून डबी हवेत लोंबकळत सोडा. आपोआप खाली घसरली तर दोरा सैल. झटका दिल्यावरही जागची हलली नाही तर जास्त ताठ. हलक्या झटक्याला बोटभर उतरली की बरोबर. डबीवरचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. डबी बरोबर असून कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल तर वरचं टेन्शन सैल आहे. वरच्या बाजूला खालचा दोरा ओढून आलेला दिसत असेल तर वरचं ताठ आहे. टाके सुटत असतील तर सुई बदला. सुईच्या अंगाला एका बाजूनं लांब खाच असते, दोरा ज्या बाजूनं ओवायचा त्याच बाजूला ती यायला हवी. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६.

हलवताना डोकं आणि स्टँड वेगळं करा. आधी मोठ्या चाकावरून पट्टा उतरवा. डोकं मागं कलतं केल्यावर बिजागरीच्या दोन दांड्या दिसतात, त्यांना धरणारे दोन स्क्रू सैल केले की डोकं वर उचललं जातं. दहा-बारा किलोच्या घरातलं वजन असतं, एकट्यानं उचलू नका आणि चाकाला धरून तर मुळीच नाही. पट्टा सैल झाला असेल तर नवा घ्यायची घाई नको. अर्धा इंच कापून भोक पाडा, तारेची पिन पुन्हा बसवा. फ्लॅटमध्ये चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा, नाहीतर खालच्या मजल्यावरचे दुसऱ्याच दिवशी वर येतील. गुडघे दुखत असतील तर याच डोक्याला छोटी मोटर बसते. स्टँड तसंच राहतं, मोटरचा पट्टा तेवढा हातचाकावर येतो.

आता कपाट. २०१९ च्या पाण्यात ते गुडघाभर उभं होतं आणि तळाशी गंज आलाय, दार लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. गंजलेलं कपाट भंगारात द्यायची आपल्याकडं फार घाई असते. जुन्या कपाटांचा पत्रा सहसा आजच्या स्वस्त कपाटांपेक्षा जाड असतो. पत्र्याचा गेज नंबर जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे नवं कपाट बघायला गेलात तर ध्यानात ठेवा. दुकानात कपाटाच्या कुशीवर अंगठ्यानं दाबून बघा, पत्रा डबडब करत आत-बाहेर झाला तर तुमचंच बरं.

गंज किती खोल गेलाय ते पेचकसाच्या टोकानं कळतं. कपाट मोकळं करून भिंतीपासून पुढं ओढा आणि तळाच्या कडेला टोक दाबत जा. नुसते पापुद्रे निघाले तर घरी होण्यासारखं काम आहे. टोक आरपार गेलं तर तेवढी पट्टी कापून नवा पत्रा वेल्डिंगनं बसवावा लागेल. शिवाजी उद्यमनगरात असलं काम करणारे भरपूर आहेत. कपाट तिकडं न्यायच्या ऐवजी मापं आणि फोटो घेऊन जा आणि घरी येऊन करून देणारा माणूस बघा. वेल्डिंगच्या आधी आतलं कापूस, कापड, कागद सगळं काढायचं, मागच्या कप्प्यातलंसुद्धा.

घरी करायचं असेल तर तारेच्या ब्रशनं पापुद्रे झाडा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० चा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. पुसून लगेच रेड ऑक्साइडचा एक हात. लगेच म्हणजे त्याच दिवशी. पावसाळी हवेत घासलेल्या पत्र्यावर एका रात्रीत पुन्हा तांबूस झाक येते आणि वरचा रंग तिथूनच सुटतो. एक दिवस सोडून सिंथेटिक इनॅमलचे दोन हात, दोन्हींमध्ये एकेक दिवस. तळाची खालची बाजू सोडू नका, गंज तिथूनच चढतो. रंगाचा वास कपड्यांना लागतो, त्यामुळं हलवायच्या निदान आठ-दहा दिवस आधी हे उरकायला हवं.

दार लागत नाही ते मात्र गंजामुळं असेलच असं नाही. उंच कपाटाचा एक पाय अधांतरी राहिला की सगळा सांगाडा किंचित पिळतो आणि दोन दारांच्या कडा जुळत नाहीत. मग सुतार किंवा वेल्डर दार घासून देतो आणि कपाट सपाट जागी नेल्यावर तिथं फट पडते. आधी चारही पायांखाली पोस्टकार्ड सरकवून बघा. जिथं ते सहज आत जातं तो पाय अधांतरी आहे. तिथं पत्र्याचा तुकडा घाला, दार लावून बघा, लागलं तर काम झालं. नव्या फ्लॅटमध्येही हेच पहिल्यांदा करायचं, कारण टाइलची फरशी दिसते तेवढी सपाट नसते. कुलपात पुराचा गाळ बसला असेल तर तेल घालू नका, तेलाला गाळ चिकटतो. कुलूप कोरडं झाडून शिसपेन्सिलीची बारीक पूड किल्लीला लावा आणि दहा-वीस वेळा फिरवा.

नेताना आरसा काढून वेगळा न्या, दारं कुलूपबंद करून दोरीनं बांधा आणि कपाट पाठीवर आडवं ठेवा. कुशीवर ठेवलं तर बिजागऱ्या वाकतात. लिफ्टमध्ये ते मावणार नाही असं धरूनच चाला. जुन्या मोठ्या कपाटाची उंची साडेसहा फुटांच्या आसपास असते, जिन्याच्या वळणाचं माप आधीच घेऊन ठेवा.

पितळेच्या भांड्यांत निवड करा, सगळी नेऊ नका. किती वापरणार ते बघा. एक मोठं पातेलं, एक मध्यम, एक कढई, एक तपेली एवढी असली तरी सणावाराला पुरतात. मुलानं इंडक्शनची शेगडी घ्यायचं ठरवलं असेल तर साध्या इंडक्शनवर तांबं-पितळ तापत नाही, हे त्याला सांगा. ठेवाल त्यांना कल्हई हवीच. आतला पिवळा धातू रुपयाएवढा उघडा दिसायला लागला की ते भांडं आंबटाला चालत नाही. ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो त्यात कळकणारच, आणि कळकलेलं पोटात जाऊन उलट्या होतात.

कल्हई समोर उभं राहून करून घ्या. भांडं आधी आंबटानं किंवा वाळूनं घासून लख्ख झालं पाहिजे. ते तापवून नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं फिरवतात. कापूस फिरेल तिथं चांदीसारखी लकाकी येते. कुठं काळा डाग राहिला तर तिथं भांडं नीट घासलेलं नव्हतं, तेवढं पुन्हा करून मागा. कथील शुद्ध आहे का हे बघण्याचा साधा उपाय म्हणजे कांडी पांढऱ्या कागदावर ओढायची. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर त्यात शिसं मिसळलंय, त्या माणसाकडं भांडी देऊ नका. थोडे पैसे वाचवण्याच्या नादात शिसं पोटात जाणं परवडत नाही.

कल्हई लवकर जाते ती आपल्याच सवयीनं. कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं किंवा त्यात कडक फोडणी केली की तेल त्या उष्णतेच्या जवळ पोचतं आणि कल्हई जागच्या जागी गोळा होते. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. तारेची घासणीही नको, राख किंवा साधी काथ्याची घासणी बास.

उरलेली भांडी मोडीत घालताना दोन ठिकाणी वजन करून घ्या. लोखंडी कडी किंवा बूड असलेली भांडी वेगळी ठेवा, नाहीतर सगळ्याला कमी भाव लागतो. आणि मोडीच्या बदल्यात नवी भांडी घेताना "घट" म्हणून किती कापणार ते आधी विचारा, बिल करताना नको. नाव आणि साल कोरलेली भांडी शेवटी काढा. भाव त्यांना वेगळा मिळत नाही, पण मागाहून घरात वाद मात्र त्यांच्यावरूनच होतात.

बंब मात्र फ्लॅटमध्ये नेऊ नका, कितीही जीव असला तरी. बंद बाथरूममध्ये किंवा गॅलरीला काच लावून तिथं कोळसा-लाकूड पेटवलं तर त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. गुदमरल्याचं कळायच्या आत माणूस पडतो. जुन्या वाड्याच्या न्हाणीत वर धाब्याला भोक होतं म्हणून ते चालून गेलं. गावाकडं शेतावर कुणाला देणार असाल तर दोन गोष्टी सांगून द्या. आधी पाणी भरायचं, मग पेटवायचं. बंबाचा सांधा डाख (सोल्डर) लावून जोडलेला असतो. आत पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पाणी संपलं की डाख वितळून बूड गळायला लागतं. दुसरं, पाण्याचा क्षार बसून जाळ वाया जातो. पाच लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून अर्धा तास आत ठेवायचं आणि दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवायचं.

पंख्याच्या बाबतीत मी मुलाच्या बाजूची आहे. जुना पंखा पंचवीस वर्षं फिरतोय हे कौतुकाचं खरं, पण तो ७५ वॉटच्या आसपास वीज खातो आणि नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉटचा. रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर १६२ युनिट. तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा दर काढा. तो ८ रुपये निघाला तर वर्षाला जवळपास तेराशे रुपये वाचतात, म्हणजे पंख्याचे पैसे दोन-अडीच वर्षांत फिटतात. हे गणित दिवसभर फिरणाऱ्या हॉलमधल्या पंख्याचं. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून वीस रात्री फिरत असेल तर तोच राहू द्या. तो हळू झाला असेल तर २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदला, चहा-भज्यांच्या पैशात काम होतं.

नव्या पंख्याचीही एक कमजोर जागा आहे, आतली इलेक्ट्रॉनिक पाटी. विजेचा दाब सारखा वर-खाली होत असेल तर ती जाते आणि ती दुरुस्त करणारा प्रत्येक गल्लीत नसतो. त्यामुळं वॉरंटी मोटरची आहे की पाटीचीही, हे विचारून बिलावर लिहून घ्या. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर या पंख्याला चालत नाही, तो काढून थेट स्विच करायला सांगा. लावणारा विसरतो आणि मग महिनाभरात पंखा गुरगुरतो.

फ्रिजचं उत्तर तुमचा मीटर देईल. एका रात्री दहा वाजता घरातले पंखे-दिवे, मोबाइलचे चार्जर सगळं बंद करून फक्त फ्रिज चालू ठेवा, मीटरचा आकडा दशांशासह लिहा. सकाळी सहाला पुन्हा लिहा. फरकाला तीननं गुणलं की दिवसाचे युनिट, त्यांना ३६५ नं गुणलं की वर्षाचे. दिवसा दार उघडबंद होतं, म्हणून त्यात थोडी भर धरा. हा आकडा नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवर छापलेल्या वर्षाच्या युनिटशी ताडून बघा. दुपटीहून जास्त निघाला तर बदला. त्याआधी दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढून बघा. ती विनासायास सुटली तर थंडावा तिथून गळतोय, आणि रबर बदलल्यावर मीटरचा आकडाही उतरेल. गॅस एकदा भरला असेल तर हरकत नाही. दोन वर्षांत दोनदा भरावा लागला असेल तर नळी कुठंतरी आतून सडलीय, त्यावर आणखी पैसे घालू नका. नेलात तर उभाच न्या आणि जागेवर ठेवल्यावर तीन-चार तासांनी चालू करा.

मिक्सर दुरुस्त होईल. भांड्याखाली काळपट तेलकट पाणी येतंय म्हणजे भांड्याचा बुश गेलाय. हे टाळत राहिलात तर तेच पाणी मोटरमध्ये उतरतं आणि मग खर्च खरा. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर खालचा प्लास्टिकचा कपलर. मिक्सर मध्येच बंद पडतो आणि आत मोठ्या ठिणग्या दिसतात, तर मोटरचे कार्बन ब्रश. एकदम गप्प झाला तर बुडाखालचं लाल बटण दहा मिनिटांनी दाबून बघा, जास्त भार पडला की ते आपोआप सुटतं. वर्षाची चटणी मिक्सरवर करू नका. सुकी मिरची, खोबरं, तीळ हे सगळं भांडं भरून पाच मिनिटं फिरवलं की मोटरच्या तारेवरचं व्हार्निश जळतं. डंकावर, म्हणजे मसाला कांडून देणाऱ्या गिरणीत द्या. थोडंफार करायचंच तर भांडं निम्मं भरा, एक मिनिट फिरवा, दोन-तीन मिनिटं थांबा.

एक्स्चेंज ऑफरच्या दुकानात शिरलात की पहिला प्रश्न हा, "जुनं काही न देता रोख किंमत किती?" ती लिहून घ्या, मग जुन्या वस्तूचे किती धरणार ते विचारा. पुष्कळ ठिकाणी जुन्याचे दोन हजार लावतात आणि नव्याची सूट तेवढ्यानं कमी करतात. "दहा वर्षं वॉरंटी" असं फलकावर असतं ते बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरचं किंवा मोटरचं असतं, गॅस, मजुरी, येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. बिल त्या गुळगुळीत कागदावर छापलेलं असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, त्याची शाई वर्षभरात उडते आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा कागद राहतो. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तुमच्या 'ह्यांची' कापशी चप्पल टाकू नका. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवल्यावर एवढा गदारोळ झाला, त्यानंतर बाजारात "ओरिजनल" म्हणून रेक्झिनच्या जोड्यासुद्धा चढ्या भावानं विकल्या जातायत. तुमच्याकडं आहे तशी चामड्याच्या वादीनं शिवलेली, खिळा नसलेली जोडी आता शोधावी लागते. तळाचे थर मोकळे झालेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ती कधीतरी भिजून उन्हात वाळलीय. उन्हात चामडं आकसतं आणि शिवण ओढली जाते. पापाच्या तिकटीजवळ चप्पल लाईनला शिवण पुन्हा घालून देणारे कारागीर आहेत. डिंकानं किंवा सोल्यूशननं चिकटवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, वादीनंच शिवून मागा आणि टाचेला झिजेची एक जादा पट्टी बसवून घ्या. त्यानंतर एरंडेलाचे चार-पाच थेंब कापडावर घेऊन पट्टा, कान आणि अंगठा यांना चोळा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. तेल जास्त झालं तर चामडं मऊ पडून पट्टा ताणतो. पावसाळ्यात ती वर्तमानपत्रात गुंडाळून सुती पिशवीत ठेवायची, प्लास्टिकमध्ये पांढरी बुरशी धरते.

सोफ्याचं तुम्ही काही विचारलं नाहीत, नुसतं यादीत लिहिलंय. तो प्लायवूडचा आहे आणि दोनदा पुरात भिजलाय. वरचं कापड बदलून वास जाणार नाही, कारण पाणी प्लायच्या थरांत आणि फोममध्ये मुरलंय, आणि थर सुटलेल्या प्लायला स्क्रू धरत नाही. तो तिथंच मोडून टाका. मुलाला काहीतरी नवं घ्यायचंच आहे, तर सोफा त्याला घेऊ द्या, लाकडी चौकटीचा.